झाकणातली भोकं

आमच्या घरात विजेची भट्टी आली ती दारातून नाही, भिंत फोडून आली. अंगणाच्या कडेला आमची धुण्याची खोली आहे, तिचं दार अरुंद, आणि भट्टी ही एवढ्या पोटाची. मी रफीकाला म्हटलं, "माप नाही घेतलंस आधी? आणि म्हणे इलेक्ट्रिशियन!" तर ती म्हणते, "घेतलं होतं, ओम्मी. भट्टीचं घेतलं. दाराचं राहिलं." आता अशा मुलीला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. चौकट काढली, चौकटीबरोबर हातभर भिंत खाली आली, आणि चार माणसांनी 'या अल्ला, या अल्ला' करत ते धूड आत नेऊन ठेवलं.

रफीका आमची एकुलती एक. सूस शहरात पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, शनिवारी घरी येते. ही भट्टी तिने बापासाठी शोधून काढली. हम्मामेत गावात एक बाई कुंभारकाम शिकवायची, ती गाशा गुंडाळून चालली होती, तिच्याकडून आणली. बापाला मात्र त्याचं काही नव्हतं. चार माणसं घाम गाळत होती आणि हा गृहस्थ गल्लीत खुर्ची टाकून, घराकडे पाठ करून बसला होता. "फ्रिज आला का?" एवढंच त्याने मला विचारलं.

माझा नवरा शादली हा कुंभार नव्हे. आमच्या नाबुल गावात भांडी घडवणारे ढिगाने मिळतील. हा भट्टीवाला. दुसऱ्यांनी घडवलेली, रंगवलेली भांडी भट्टीत रचायची, तिचं तोंड विटांनी बंद करून मातीने लिंपायचं, आणि मग दोन दिवस तिच्याजवळ बसून आग सांभाळायची, हे त्याचं काम. एक्केचाळीस वर्षं त्याने ते केलं. कुंभारवाड्यात लोक ताटकळत राहायचे, पण शादलीच हवा म्हणायचे. कारण एक बारीकशी फट राहिली तरी गार वारा आत शिरतो आणि महिन्याभराची मेहनत मातीत जाते. शादली लिंपून झालं की ओला हात सगळ्या भिंतीवरून फिरवायचा. त्याने लिंपलेल्या भट्टीतून मुंगी आत जाणार नाही, असं लोक म्हणायचे.

पण एक्केचाळीस वर्षं ऑलिव्हच्या फांद्यांचा धूर छातीत गेला तो कुठे जाणार? एकाच हिवाळ्यात दोनदा त्याला इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी त्याचे ओठ निळे पडले होते. नाकातोंडावरचा मास्क मी माझ्या हाताने धरून बसले होते, कारण तो सारखा काढून टाकायचा. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला खमकी. म्हणाली, "आता धूर नाही, शादलीसाहेब. एक दिवससुद्धा नाही. परत असा आलात तर मी काही करू शकणार नाही." हे तिने त्याला सांगितलं, पण ऐकलं मी. आजही भाजी चिरताना मध्येच ते मला ऐकू येतं.

तेव्हापासून तो घरात. दोन वर्षं. आधी मला वाटलं, बरं झालं, चार दिवस आराम करेल. कसलं काय! माणूस हळूहळू बोलायचाच बंद झाला. जेवलास का, तर मान हलवायची. झोपतोस का, मान हलवायची. कुंभारवाड्याकडून धूर दिसला की अंगणातल्या कडू संत्र्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा आणि तिकडे बघायचा. माझं पाव मळायचं पीठसुद्धा माझ्या हातातून घेऊ लागला. आणि त्याच्या पावांना हळूहळू काठ यायला लागले. एकदा तर टेबलावर पाव ठेवला, मध्यभागी खोलगट आणि चहूबाजूंनी सुरेख कंगोरा. रफीका हसून हसून लोळली, "बाबा, यात कालवण वाढू का?" तोही हसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओढणीचं टोक तोंडावर धरून रडले. रोजच्या रोज माझ्या डोळ्यांदेखत तो थोडा थोडा कमी होत चालला होता.

म्हणून रफीका भट्टीचं घेऊन आली तेव्हा मी नाही म्हटलं नाही. पण सोडलंही नाही. तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "एक ऐकून ठेव. हिच्यामुळे तुझा बाप एकदा जरी खोकला, तर त्याच दिवशी ही भट्टी भंगारात जाईल. मग तू माझ्या पाया पड नाहीतर डोकं आपट."

"ओम्मी, धूरच नाही ना हिला. तारा तापतात, बस."

"मग ही एवढी नळी कशाला आणली आहेस?"

तेव्हा तिने मला सगळं समजावलं, आणि मी ते नीट ऐकलं, कारण माझ्या माणसाच्या छातीचा प्रश्न होता. लाकडं नसली तरी तापताना मातीतून, रंगातून वाईट वाफा निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीला कळतात. त्या घरात पसरू द्यायच्या नाहीत. म्हणून भट्टीच्या झाकणाला हरभऱ्याएवढी दोन भोकं पाडायची, तळाला एक. तळाखाली पत्र्याची पेटी, पेटीला नळी, नळी भिंतीतून बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला पंखा. पंखा ओढत राहतो. वरच्या भोकांतून खोलीतली थोडी हवा आत जाते, आणि वाफा खालच्या भोकातून नळीवाटे बाहेर जातात. "म्हणजे ती सतत आत ओढते, खोलीत काही सोडतच नाही," रफीका म्हणाली. मला पटलं. शादली मात्र गल्लीत बसून होता. त्याने काही विचारलं नाही, आणि आम्हीही आपणहून सांगायला गेलो नाही. तिथेच सगळं चुकलं.

तीन शनिवार-रविवार काम चाललं. फोडलेली भिंत आणि दार पुन्हा बसवलं. वीज कार्यालयाचा माणूस येऊन मीटर मोठा करून गेला. रफीकाने मीटरपासून माझ्या अंगठ्याएवढी जाड वायर टाकली, भट्टीपुरती वेगळी, तिचं बटणही वेगळं. लोखंडी घोडीवर भट्टी चढवली आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवली. मी म्हटलं, जागा वाया जाते, सरकव मागे. ती म्हणाली, "ओम्मी, भिंत तापेल. तू चुलीवरचा तुझा कुस्कुस बघ." आणि ड्रिल घेऊन तिने ती भोकं पाडली तेव्हा घरभर असा आवाज झाला की शादली गल्लीतून उठून आत आला, दाराशी क्षणभर थांबला, काहीतरी बघितलं आणि पुन्हा जाऊन बसला.

आता नळी बाहेर काढायची कुठून? एका बाजूला आमची झोपायची खोली. दुसऱ्या बाजूला शेजारीण जलीलाचं अंगण. आणि दिवस होते एप्रिलचे! आमच्याकडे एप्रिलमध्ये घरोघरी कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क काढतात. जलीलाने अंगणभर चादरी टाकून फुलं पसरली होती आणि तांब्याचं भांडं चुलीवर चढवलं होतं. नळीचं नाव काढताच ती भिंतीवर हात ठेवून उभी राहिली.

"मोंजिया, माझ्या फुलांवर तुझ्या त्या यंत्राचा वास सोडशील तर बघ! सबंध वर्षाचा अर्क आहे. लोक माझ्याकडून बाळंतिणींसाठी नेतात."

"अगं, मी कशाला तुझ्याकडे सोडू?"

"मग कुणाकडे सोडणार? वाऱ्याला काय पत्ता सांगणार आहेस?"

शेवटी रफीकाने नळी भिंतीच्या वरपर्यंत चढवली आणि तोंड गल्लीकडे वळवलं. जलीलाचं समाधान झालं नाहीच. "पहिल्या दिवशी मी भिंतीला नाक लावून बसणार," असं तिने बजावलं. मी म्हटलं, बस बाई.

पहिली भट्टी रविवारी लावायची ठरली. शादलीच्या एका जुन्या मित्राने बारा ताटं पाठवली होती, हिरव्या-पिवळ्या रंगाची. शनिवारी संध्याकाळी रफीकाने ती आत रचली. शादली तेव्हा पहिल्यांदा खोलीत आला, हात मागे बांधून, परक्या घरात आल्यासारखा. भट्टीभोवती एक फेरी मारली. झाकणावर तळहात ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाला, "पोरीने वायर छान ओढली आहे. सरळ." तो फ्रिजचा टोमणा सोडला तर दोन वर्षांत त्याने आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मला रात्रभर झोप लागली नाही, आनंदाने.

सकाळी मी उठले तर तो माझ्या आधी उठून नमाज पढून अंगणात हात धूत होता. नखांत पांढरी माती. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, काही नाही. मला वाटलं, ताटं बघत असेल. रफीकाने बटण दाबलं, पंखा सुरू केला, आणि आम्ही नाश्त्याला बसलो.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. दुपारी जलीलाचं डोकं भिंतीवर आलं.

"मोंजिया! कसलाही वास नाही गं! सकाळपासून बसले आहे, एक कण नाही. नुसती गार हवा येते तुझ्या नळीतून. रफीका, पोरी, तुझ्या हाताला अल्ला बरकत देवो!"

रफीका लाजली. मी अभिमानाने फुगले. मूर्ख बायका आम्ही तिघी! नळीतून वाफा बाहेर येत नसतील तर त्या आहेत कुठे, हा प्रश्न एकीलाही पडला नाही.

शादली खोलीत बसला होता. मी त्याला तीनदा बाहेर बोलावलं. "भट्टी चालू असताना भट्टीवाला उठत नाही," तो म्हणाला. रफीकाने अंगणातूनच सांगितलं, "बसू दे ओम्मी, काही होत नाही, पंखा ओढतोय." तिच्या शब्दावर मी बसू दिलं.

आणि मग तो खोकला. आधी एकदा. मी हातातला चमचा खाली ठेवला. मग परत, आणि मग थांबेचना. मी धावले. खोलीत शिरले तर डोळ्यांत, घशात काहीतरी झोंबलं. तो भिंतीला धरून वाकला होता आणि त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी बटण खाली ओढलं, त्याला काखेत धरून अंगणात आणलं, झाडाखाली बसवलं, त्याच्या दम्याच्या औषधाचा फवारा तोंडात दिला. रफीका खोलीकडे पळाली. मी तिला ओढून बाहेर काढलं, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"ओम्मी, मला बघू तर दे काय झालं! पंखा चालू आहे, नळी जोडलेली आहे…"

"काही बघायचं नाही."

"माझं काय चुकलं ते तरी…"

तेव्हा मी जे बोलले ते कुठल्या आईने बोलू नये. मी म्हटलं, "तुझा बाप गेला तर तुझ्या हाताने गेला असं मी समजेन."

तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. शादली खोकत खोकत हात हलवत होता, नाही, नाही, करत होता. "पोरीचं काम चांगलं आहे," एवढं त्याला कसंबसं बोलता आलं. पण मी कुणाचं ऐकणार?

संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास ताळ्यावर आला. ओठ निळे पडले नाहीत, अल्लाची कृपा. रफीका स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून होती, जेवली नाही. सोमवारी पहाटे पहिल्या शेअर टॅक्सीने सूसला निघाली तेव्हा दाराशी थांबून म्हणाली, "भंगारवाल्याला बोलाव, ओम्मी. तू बरोबर होतीस. मला जमलं नाही." मी तिला मिठी मारायला हवी होती. मी नुसतं म्हटलं, "डबा घेतलास का?"

मी निरोप धाडला, आणि भंगारवाला नऊला यायचा होता. त्याआधी ताटं काढून घ्यावीत म्हणून मी कुलूप उघडून आत गेले. भट्टी अजून कोमट होती. झाकण उचलून मागे टेकवलं आणि ताटं एकेक काढली, सगळी अर्धकच्ची, रंग खरखरीत. बारावं ताट उचललं आणि तळाकडे नजर गेली. रफीकाने भोक पाडलं होतं तिथे भोक नव्हतं. मी बोट फिरवलं. गुळगुळीत. मग झाकण आतून बघितलं. तिथेही भोकं नव्हती. पांढऱ्या मातीने बुजवून, वरून इतकं सफाईने सारवलेलं होतं की उजेड तिरका पडला म्हणून दिसलं. मी नखाने उचकलं तर मातीचं बूच निघून हातात आलं. सारवणाखाली त्याच्या माथ्यावर अंगठा उमटलेला होता. त्या अंगठ्याला भाजल्याची आडवी खूण आहे. एकतीस वर्षं मी तो हात ओळखते.

"शादली!" मी ओरडले. "इकडे ये! आत्ताच्या आत्ता!"

तो आला. मी हात पुढे केला. त्याने बुचाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, चोरी पकडली गेल्यासारखं.

"तू केलंस हे?"

"हळू बोल, बाई. जलीला ऐकेल."

"ऐकू दे! का केलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "पोरीचा ड्रिल घसरला असणार. त्या दिवशी आवाज ऐकून आलो तर भोक पडलेलं दिसलं. एक नाही, तीन. भट्टीला भोक म्हणजे… पण तिने बिचारीने किती मन लावून केलं होतं. तुला कळलं असतं तर तू तिला फाडून खाल्लं असतंस. म्हटलं, पहाटे ताटं काढून आपण गपचूप बुजवून टाकू आणि ताटं होती तशी परत ठेवू. तिलाही कळायला नको, तुलाही नको." मग म्हणाला, "बुजवली तरी कुठूनतरी वाफ सुटलीच. पण ते तिला सांगू नकोस."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्या घोडीच्या काठावर बसले. एक्केचाळीस वर्षं भेगा बुजवणारा माणूस, दुसरं काय करणार होता? आणि मी, जिला सगळं माहीत होतं, तिने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

तोंडाने सांगून त्याला पटलं नसतं. मी आणखी दोन बुचं उचकून काढली, झाकण लावलं, पंख्याचं बटण दाबलं. मग आतून धुपाचा खडा आणि निखारा आणला. त्याला लांब दाराशी उभं केलं आणि धूप झाकणावरच्या भोकाजवळ धरला. धुराची रेघ सरळ वर जात होती. ती वाकली. वाकून भोकात शिरली, सगळीच्या सगळी. खोलीत एवढासुद्धा धूर राहिला नाही.

शादली दाराशी खिळून उभा राहिला. आगीचा माणूस तो, त्याला धुराची भाषा कुणी शिकवायला नको होती. "ओढतेय," तो हळूच म्हणाला. "चिमणी आहे ही. उलटी चिमणी. खाली नेतेय." आणि मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे भोकं तिने मुद्दाम पाडली होती."

"मुद्दाम. तुझ्या छातीसाठी."

"आणि मी…" त्याने बुचं माझ्याकडून घेतली. मग विचारलं, "पोरगी रडली का?"

"हो."

तेवढ्यात भंगारवाला दारात आला आणि विचारू लागला की भट्टी कुठे आहे. मी त्याला म्हटलं, "भट्टी कुठेही जात नाही, तू जा." तो माझ्यावर चिडून गेला. जाऊ दे. मी आपल्या शब्दाला जागले नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मी फोन काढला. "थांब, तिला लावते."

"फोन नको." शादली आतून शाशिया घेऊन आला, आमची ती लाल टोपी, आणि डोक्यावर ठेवली. दोन वर्षांत तो गल्लीच्या पुढे गेला नव्हता. "भट्टी बिघडली तर भट्टीवाला निरोप पाठवत नाही."

ते खरं आहे. कुंभारवाड्यातली रीतच आहे ती. भट्टी फसली तर भट्टीवाल्याने स्वतःच्या पायांनी मालाच्या धन्याकडे जायचं, बातमी पोचायच्या आधी, आणि त्याच्या माणसांसमोर चूक कबूल करायची. एक्केचाळीस वर्षांत शादलीवर ती वेळ तीनदा आली होती. तीनही वेळा त्याचं तोंड असंच पांढरं झालेलं मी पाहिलं होतं. मी बाहेर जाताना पांघरायची चादर अंगावर घेतली आणि त्याच्याबरोबर निघाले. एकटा कसा सोडणार?

टॅक्सीत तो खिडकीशी बसला. बुचं रुमालात बांधून मुठीत धरली होती. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, दम लागतोय का, काच लावू का. शेवटी म्हणाला, "बाई, श्वास मी घेतोय, दमतेस तू."

कारखान्यात मोटारी उघडून पडल्या होत्या, तांब्याच्या तारांची भेंडोळी, सात-आठ माणसं. रफीका गुडघ्यांवर बसून काहीतरी गुंडाळत होती. आम्हाला पाहिलं आणि दचकून उठली. "काय झालं? बाबा? इस्पितळात…?"

शादली तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांचे हात थांबले.

"उस्ताद," तो आपल्या मुलीला म्हणाला, "तुमची भट्टी बिघडली. दोष तुमच्या कामात नव्हता. दोष माझ्या हाताचा आहे. मी न विचारता भोकं बुजवली." आणि रुमाल उघडून तीन बुचं तिच्यापुढे धरली.

रफीकाने एक उचललं, उलटसुलट केलं, अंगठ्याची खूण पाहिली. "बाबा, तुम्ही… बाबा, मला तुम्ही म्हणू नका ना," एवढंच म्हणाली आणि त्या तेलकट हातांनी त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे पंजे उमटले.

मग मीही पुढे झाले. म्हटलं, "काल मी जे बोलले, माझी जीभ झडो."

"तुझी? झडेल?" ती रडता रडता म्हणाली, आणि तिचे सोबती हसले, मालकही हसला.

मालकाने शादलीला स्टूल दिलं, चहा मागवला. शादली बसला, चहाचे दोन घोट घेतले, आणि मग म्हणाला, "भोकांचं ठीक आहे. पण ताटं कशी रचली होतीस तू? काठाला काठ लागत होता. भाजली असती तरी चिकटली असती."

"बाबा, बोटभर जागा होती."

"कुणाचं बोट? तान्ह्या बाळाचं?"

"पुस्तकात तेवढीच सांगितली आहे."

"पुस्तक लिहिणारा कधी भट्टी उघडून रडलाय का? जड ताटं खाली, हिरवी मधे, पिवळी वर. आणि एकावर एक फळ्या अशा नाही लावायच्या, आगीला फिरायला…"

"आग नाहीये बाबा, तारा आहेत!"

"तारा का असेना, उष्णता फिरतेच ना? रविवारी तू फक्त बटण दाब. रचायचं मी. भोकांना हात लावणार नाही, पण रचायचं मी!"

"मी नाही दाबणार बटण, आधी जागा मोजून दाखवा!"

भर कारखान्यात दोघे भांडत होते. तो हातवारे करत होता, स्टुलावरून अर्धा उठून ओरडत होता, आणि मध्ये कुठेही खोकला आला नाही. माणसं कामं सोडून ऐकत होती. मी एका उघड्या मोटारीला टेकून उभी राहिले आणि मनसोक्त रडले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेच बरं झालं.